रनिंग बॅकच्या पायाच्या दुखापती: एकाच माळेतल्या की सुट्या, हे कसे पडताळावे

२० सप्टेंबर २०२० या एकाच रविवारी अमेरिकन फुटबॉलच्या नॅशनल फुटबॉल लीगचे दोन नामवंत रनिंग बॅक, म्हणजे चेंडू हाती घेऊन पळणारे खेळाडू, जायबंदी झाले. शिकागोत न्यूयॉर्क जायंट्सच्या सेक्वॉन बार्कलीच्या उजव्या गुडघ्यातला एसीएल हा लिगामेंट (हाडांना जोडून ठेवणारा बंध) फाटला, आणि टँपात कॅरोलायना पँथर्सच्या क्रिश्चन मॅकॅफ्रीचा घोटा वरच्या अंगाने मुरगळला. पुढची चार वर्षे या दोघांच्या पायांच्या बातम्या येत राहिल्या, आणि प्रत्येक बातमीनंतर एकच निकाल ऐकू येत राहिला: याचे पाय मुळातच कच्चे, एक दुखणे बरे होईतो दुसरे उभे राहते. न्यू जर्सीत राहून जायंट्सचे सामने पाहणाऱ्या माझ्यासारख्या मराठी माणसालाही हा निकाल बरीच वर्षे पटत होता. दोघांच्या दुखापती तारखेवार लिहून काढल्या, तेव्हा तो दोघांनाही सारखा लागू पडत नाही असे दिसले. एकाच्या यादीत साखळीच्या एकदोन कड्या खरोखर सापडतात. दुसऱ्याच्या यादीत साखळी आहे असे आपल्याला वाटते, एवढेच.

ही पडताळणी कशी करायची, ते पुढे लिहिले आहे. एखाद्या खेळाडूवर प्रेम असणारे प्रेक्षक, ऑफिसातल्या फँटसी लीगमध्ये, म्हणजे खऱ्या खेळाडूंचा काल्पनिक संघ बांधण्याच्या खेळात, संघ निवडणारे, आणि ज्यांची मुले अमेरिकेतल्या शाळांच्या संघांतून हा खेळ खेळतात ते आईवडील, या तिघांनाही तिचा उपयोग होऊ शकेल. मात्र शेवटच्या गटाने हे वाचून डॉक्टरांकडे जाणे टाळू नये.

आधी तक्ता, मग मत

एका कागदावर सहा रकाने आखावेत. पहिल्यात तारीख, दुसऱ्यात डावा की उजवा, तिसऱ्यात नेमका कोणता भाग, चौथ्यात दुखापत कशी झाली, पाचव्यात किती सामने बुडाले, आणि सहाव्यात त्याआधीच्या दोन-तीन आठवड्यांत खेळाडूवर किती काम पडले होते. सहावा रकाना बहुतेक जण आखतच नाहीत. पुष्कळदा खरे उत्तर तिथेच असते.

तिसरा रकाना भरताना सर्वांत जास्त चूक होते. लीगच्या नियमानुसार संघांना आठवड्यातून ठरावीक दिवशी दुखापतींचा अहवाल द्यावा लागतो, पण त्यात ‘घोटा’, ‘पोटरी’, ‘गुडघा’ एवढेच लिहिलेले असते आणि डावा की उजवा हेही पुष्कळदा नसते. ‘घोटा’ या एका शब्दामागे दोन निराळ्या दुखापती असू शकतात. पाय आतल्या बाजूला वळून घोट्याच्या बाहेरच्या अंगाचे लिगामेंट ताणले गेले, तर ती नेहमीची मुरगळ झाली. पाऊल जमिनीत रुतलेले असताना ते बाहेरच्या दिशेने पिळले गेले आणि नडगीची दोन हाडे जिथे एकमेकांना बांधलेली असतात तिथला बंध ताणला, तर तिला तिथले लोक ‘हाय अँकल स्प्रेन’ म्हणतात. ती भरायला जास्त वेळ लागतो, आणि जोराने पाऊल रेटणे सुरू केले की तिचे खरे रूप कळते. या दोन्ही दुखापती एकाच रकान्यात ‘घोटा’ म्हणून लिहिल्या की नसलेली पुनरावृत्ती दिसू लागते.

तसेच ‘मांडी’ या शब्दाचे. मांडीचा पुढचा स्नायू गुडघा सरळ करतो, तर मागचे हॅमस्ट्रिंग स्नायू गुडघा वाकवतात आणि पूर्ण वेगात पुढे फेकलेल्या पायाला लगाम घालतात. एकाला इजा झाली म्हणून दुसऱ्याचीही झाली, असे धरता येत नाही. म्हणून प्रशिक्षकाची पत्रकार परिषद आणि खेळाडूने स्वतः पुढे सांगितलेली माहिती यांतून नेमका भाग मिळेल तितका शोधावा. न मिळाल्यास रकाना रिकामा ठेवावा. अंदाजाने तो भरू नये.

चौथ्या रकान्यासाठी सामन्याची चित्रफीत पाहणे अपरिहार्य आहे, आणि ती साध्या वेगाने एकदा व संथ गतीने दोनदा पाहावी. पाहायचे एवढेच, की दुखापतीच्या क्षणी कोणी अंगावर आले होते का, पाऊल जमिनीवर होते की हवेत, आणि खेळाडू सरळ पळत होता, थांबत होता की वळत होता. खो-खोत पळती करणारा खेळाडू खांबाजवळ पाय रोवून झटकन दिशा बदलतो, तो क्षण आठवावा. रनिंग बॅक तेच एका सामन्यात वीस-पंचवीस वेळा करतो, आणि प्रत्येक वेळी शंभर-सव्वाशे किलोचा माणूस त्याला धरायला आलेला असतो. कोणाचाही धक्का नसताना स्नायू सुटला, तर कारण खेळाडूच्या शरीरात किंवा त्याच्या वेळापत्रकात शोधावे लागते. गुडघ्यावर समोरून कोणी आदळले असेल, तर ते आधी त्या आदळण्यात शोधावे.

नाण्याचा हिशेब

तक्ता तयार झाला की दुसऱ्या रकान्याकडे नजर जाते आणि ‘बघा, पुन्हा उजवाच’ असे तोंडून निघते. इथे थोडे थांबावे. माणसाला दोनच पाय असतात. दोन दुखापती एकमेकींशी काडीचाही संबंध नसताना झाल्या, तरी त्या एकाच पायाला होण्याची शक्यता निम्मी असते. तीन सुट्या दुखापती तिन्ही एकाच पायाला होण्याची शक्यता चारात एक असते. चार दुखापतींपैकी निदान तीन एकाच बाजूला पडणे तर सोळापैकी दहा वेळा घडते. नाणे चार-चार वेळा उडवून कोणीही हे घरी करून पाहावे.

बार्कलीच्या यादीत नेमके असेच आहे: २०१९ मध्ये उजवा घोटा, २०२० मध्ये उजवा गुडघा, २०२१ मध्ये डावा घोटा, २०२३ मध्ये उजवा घोटा. चारांपैकी तीन उजव्या. ही यादी नुसती वाचली की उजवा पाय अधू आहे असे वाटते, पण नाण्याच्या हिशेबाने तीत आश्चर्य वाटण्याजोगे काही नाही. म्हणून केवळ बाजू सारखी असणे हा पुरावा धरू नये. बाजूही तीच, भागही तोच आणि मधला काळ थोडा, या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच पुढे जावे.

संबंध असतो म्हणजे काय असतो

‘या दुखापती जोडलेल्या आहेत’ या एका वाक्यात निदान चार निरनिराळे दावे लपलेले असतात, आणि ते वेगळे केल्याशिवाय वाद मिटत नाही.

सर्वांत भक्कम दावा त्याच स्नायूचा. स्नायूचे तंतू फाटले की ती जागा काही अंशी व्रणाच्या ऊतीने भरते. ही ऊती मूळ स्नायूइतकी लवचीक नसते, आणि तिच्या लगतच्या तंतूंवर जास्त ताण येतो. शिवाय इजा झालेला हॅमस्ट्रिंग लांब ताणलेल्या स्थितीत पूर्वीइतके बळ लावू शकत नाही, आणि पूर्ण वेगात पळताना नेमकी तिथेच त्याची परीक्षा असते. म्हणूनच हॅमस्ट्रिंगच्या नव्या दुखापतीचा अंदाज बांधताना खेळवैद्यकात सर्वाधिक वजन त्याच हॅमस्ट्रिंगच्या आधीच्या दुखापतीला दिले जाते. पुन्हा ताणले जाण्याचा धोका मैदानावर परतल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत जास्त असतो, आणि आठवडे-महिने सरतील तसा तो घटत जातो, जरी पूर्ण नाहीसा होत नसला तरी. पोटरीचेही साधारण असेच आहे. तेव्हा तक्त्यात एकाच बाजूच्या एकाच स्नायूच्या दोन नोंदी दोन महिन्यांच्या आत दिसल्या, तर दुसरी दुखापत बहुधा ‘नवी’ नसतेच. पहिलीच अर्धवट बरी झालेली असते.

दुसरा दावा शेजारच्या भागाचा. इथे शरीररचना माहीत असणे उपयोगी पडते. पोटरीतले दोन मोठे स्नायू खाली उतरून एकाच जाड दोरात मिळतात आणि तो दोर टाचेच्या हाडाला बांधलेला असतो. तोच अकिलीस टेंडन. पोटरी दुबळी झाली की टाचेवरच्या या दोराने सोसायचा भार बदलतो, आणि टेंडन हा भाग भार एकाएकी बदलला की कुरकुर करणारा आहे. त्याचा रक्तपुरवठा स्नायूपेक्षा कमी, म्हणून भरून येण्याचा वेगही कमी. गुडघ्याचेही तसेच: सूज आलेला गुडघा मांडीच्या पुढच्या स्नायूला पूर्ण जोर लावूच देत नाही, आणि शस्त्रक्रियेनंतर कित्येक महिने त्या मांडीचा घेर दुसरीपेक्षा कमी राहिल्याचे मोजपट्टीने दिसू शकते. एसीएलच्या शस्त्रक्रियेत नवा लिगामेंट घडवण्यासाठी कधी कधी हॅमस्ट्रिंगच्याच टेंडनचा तुकडा वापरतात. तसे झाले असेल तर पुढे त्या पायाच्या हॅमस्ट्रिंगची तक्रार आल्यास तिचा संबंध शोधावा लागत नाही, तो उघडच असतो.

तिसरा दावा सर्वांत लोकप्रिय आणि सिद्ध करायला सर्वांत अवघड: एक पाय वाचवता वाचवता दुसरा गेला. हे होत नाही असे नाही. एसीएलची शस्त्रक्रिया झालेल्या तरुण खेळाडूंमध्ये नंतर दुसऱ्या गुडघ्याचाही एसीएल जाण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. पण याचे कारण ‘वाचवणे’ हेच असेल असे नाही: उडी मारून उतरण्याची जी सवय पहिल्या गुडघ्याला नडली, तीच सवय दुसऱ्या गुडघ्यालाही असते. तेव्हा हा दावा मानण्यापूर्वी मधल्या काळात खेळाडू खरोखर लंगडत होता का, त्याची धाव तोकडी झाली होती का, हे पाहावे. परतल्यावर त्याने दोन महिने झपाट्याने खेळ केला असेल, तर वाचवण्याची गोष्ट टिकत नाही.

चौथा दावा सहसा कोणी बोलून दाखवत नाही, आणि माझ्या मते रनिंग बॅकच्या बाबतीत तो सर्वांत जास्त वेळा खरा असतो. दुखापती एकमेकींमुळे झालेल्या नसतात; दोघींचे मूळ तिसऱ्याच गोष्टीत असते. ही तिसरी गोष्ट म्हणजे कामाचा भार, दोन सामन्यांमधली अपुरी विश्रांती, दीर्घ खंडानंतर एकदम पूर्ण वेगाने सुरुवात, किंवा वय. सहावा रकाना आखायचा तो यासाठीच.

बार्कली: साखळीचा भास

२२ सप्टेंबर २०१९ रोजी टँपा बे संघाविरुद्ध बार्कलीचा उजवा घोटा वरच्या अंगाने मुरगळला आणि त्याचे तीन सामने बुडाले. वर्षभराने त्याच पायाचा गुडघा गेला. घोटा आखडला म्हणून गुडघ्यावर पीळ आला, असे इथे कोणीही म्हणेल, आणि हा तर्क शास्त्राला सोडून नाही. पण मधल्या काळात काय झाले तेही तक्त्यात लिहावे लागते. २२ डिसेंबर २०१९ रोजी वॉशिंग्टनविरुद्ध याच बार्कलीने चेंडू घेऊन पळत १८९ यार्ड आणि झेल धरून आणखी ९० यार्ड मारले. आखडलेल्या घोट्याने असा दिवस निघत नाही. शिकागोत गुडघा गेला तोही बाजूच्या रेषेजवळ बचावपटूशी झालेल्या झटापटीत. म्हणून या दोन नोंदींमध्ये मी ‘पुरावा नाही’ असे लिहितो.

त्या गुडघ्याची शस्त्रक्रिया लगेच झाली नाही. गुडघ्याच्या आतल्या बाजूच्या लिगामेंटलाही इजा झाली होती. तो आधी आपोआप भरू द्यावा म्हणून शस्त्रक्रिया ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंत थांबवली गेली. पुढच्या हंगामात बार्कली पहिल्याच सामन्यापासून मैदानात होता, आणि पाचव्या आठवड्यात, १० ऑक्टोबर २०२१ रोजी, डॅलसविरुद्ध त्याचा डावा घोटा मुरगळून चेंडूएवढा सुजला. उजवा गुडघा वाचवताना डावा घोटा गेला, ही कथा तयारच होती. चित्रफीत पाहिली की ती संपते: त्याचे पाऊल प्रतिस्पर्ध्याच्या पावलावर पडले. दुसऱ्याच्या बुटावर पाय पडला की शस्त्रक्रिया न झालेल्या माणसाचा घोटाही मुरगळतो. चौथ्या रकान्याचे महत्त्व पटवायला माझ्याजवळ यापेक्षा चांगले उदाहरण नाही.

उरतो २०२३ चा उजवा घोटा, ॲरिझोनाविरुद्ध, सामन्याच्या अखेरच्या भागात. भाग तोच, बाजू तीच. पण मध्ये चार वर्षे गेली होती, आणि त्यातले २०२२ चे वर्ष त्याने १६ सामने खेळून १,३१२ यार्डांचे काढले होते. एकदा मुरगळलेला घोटा थोडा सैल राहू शकतो, म्हणून इथे ‘शक्य, पण क्षीण’ असे लिहिणे योग्य ठरेल. पुढच्याच वर्षी, २०२४ मध्ये, फिलाडेल्फियाकडून खेळताना त्याने २,००५ यार्डांचा हंगाम केला. ‘मोडका पाय’ हा निकाल अंतिम मानणाऱ्यांनी या आकड्याचे काय करायचे ते ठरवावे. जायंट्सच्या चाहत्यांनी काय केले ते न विचारलेले बरे.

मॅकॅफ्री: इथे मात्र थांबून पाहावे लागते

मॅकॅफ्रीने २०१७ ते २०१९ या पहिल्या तीन हंगामांत एकही सामना चुकवला नाही, आणि २०१९ मध्ये तर चेंडू तब्बल ४०३ वेळा हाती घेतला. २०२० मध्ये घोटा, मग खांदा, मग मांडी अशी रांग लागून तो तीनच सामने खेळला. खांदा या तक्त्यात धरू नये. घोटा आणि मांडी यांच्यामध्ये मोठा खंड पडला होता, आणि घोटा झटापटीत मुरगळलेला होता.

खरी गंमत २०२१ च्या सुरुवातीला आहे. आदल्या वर्षी जेमतेम तीन सामने खेळलेल्या या माणसाने नव्या हंगामाच्या पहिल्या दोन सामन्यांत ५९ वेळा चेंडू हाती घेतला. दुसरा सामना रविवारी झाला आणि तिसरा लगेच गुरुवारी, २३ सप्टेंबरला, ह्यूस्टनमध्ये; तिथे त्याचा हॅमस्ट्रिंग ताणला गेला. याचे मूळ २०२० च्या घोट्यात किंवा मांडीत शोधण्यात अर्थ नाही असे नाही, पण सहावा रकाना पाहिला की आधी भारच डोळ्यांत भरतो: दीर्घ खंड, मग एकदम पूर्ण भार, मग चारच दिवसांची विश्रांती. इथे जुन्या दुखापतीचा वाटा असेल तर तो आडवळणाचा आहे, कारण तिने खेळाडूला वर्षभर बाहेर ठेवले आणि त्यामुळे नव्या भाराला तोंड देण्याची शरीराची तयारी उतरली. त्याच हंगामात नोव्हेंबरमध्ये पुन्हा घोटा गेला आणि वर्ष सात सामन्यांवर संपले. ‘हा संपला’ असे तेव्हा ज्यांनी म्हटले, त्यांच्यासमोर पुढच्याच वर्षी तो दोन संघांकडून मिळून १७ सामने खेळला.

आता पोटरी. ३१ डिसेंबर २०२३ रोजी वॉशिंग्टनविरुद्ध मॅकॅफ्रीची पोटरी ताणली गेली. त्यानंतरचा एक सामना त्याला विश्रांती दिली, मग बाद फेरी आणि ११ फेब्रुवारी २०२४ चा सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, तो खेळला. ऑगस्टमध्ये सराव शिबिरात पुन्हा पोटरीची तक्रार आली, आणि सप्टेंबरमध्ये कळले की त्याच्या दोन्ही पायांच्या अकिलीस टेंडनला दाह आहे. उपचारांसाठी तो जर्मनीलाही जाऊन आला, आणि १० नोव्हेंबरपर्यंत एकही सामना खेळू शकला नाही.

पोटरी आणि अकिलीस ही एकाच दोराची दोन टोके आहेत, दोन्ही तक्रारी एकाच उन्हाळ्यातल्या आहेत, आणि कोणाचाही धक्का लागलेला नाही. म्हणून पोटरी ते अकिलीस या कडीपुढे मी ‘बहुधा जोडलेले’ असे लिहितो. तरीही एक गोष्ट खटकते: दुखणे दोन्ही पायांना होते. एका पोटरीच्या दुखापतीने दोन्ही टेंडन का दुखावेत? इथे तिसरा दावा आणि चौथा दावा दोन्ही उभे राहतात. एका बाजूने दुसऱ्या पायावर जास्त भार गेला असेल, किंवा आदल्या लांबलचक हंगामाचा भार दोन्ही टाचांनी सारखाच सोसला असेल. बाहेरून पाहणाऱ्याला यांतले एक निवडता येत नाही आणि त्याने निवडू नये. दोन्ही बाजूंची तक्रार दिसली की नजर एका जखमेवरून हटवून संपूर्ण माणसाकडे न्यावी, एवढे मात्र नक्की.

परतल्यानंतरच्या चौथ्या सामन्यात, १ डिसेंबर २०२४ रोजी बफेलोच्या बर्फात, त्याच्या उजव्या गुडघ्याच्या पीसीएलला इजा झाली. पीसीएल हा लिगामेंट बहुतेकदा वाकलेल्या गुडघ्यावर पडल्याने किंवा नडगीवर समोरून दणका बसल्याने जातो. पोटरी किंवा टाच दुबळी असल्याने तो आपोआप फाटत नाही. लोकांनी मात्र ही नोंद सरळ त्याच माळेत ओवली. माझ्या तक्त्यात ती सुटी आहे.

निक चब या आणखी एका रनिंग बॅकचे उदाहरण इथे जाता जाता सांगण्यासारखे आहे. २०१५ मध्ये जॉर्जिया विद्यापीठाकडून खेळताना त्याच्या डाव्या गुडघ्याचे अनेक लिगामेंट फाटले, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये पिट्सबर्गमध्ये तोच डावा गुडघा पुन्हा गेला. बाजू तीच, सांधा तोच. पण मध्ये आठ वर्षे आणि क्लीव्हलँडकडून मारलेले सहा हजारांहून अधिक यार्ड आहेत, आणि दुसऱ्या वेळी बचावपटू थेट रोवलेल्या पायावर आदळला होता. जुन्या शस्त्रक्रियेमुळे दुसरी शस्त्रक्रिया अवघड झाली असू शकते. दुखापत मात्र त्या धडकेने झाली.

घरातला खेळाडू असेल तर

मोठ्या खेळाडूंचे पाय आपण पडद्यावर पाहतो. घरातल्या मुलाचे पाय हाताशी असतात, आणि तिथे काही मोजमापे खरोखर घेता येतात. घोट्यापासून सुरुवात करावी. मुलाला भिंतीकडे तोंड करून अनवाणी उभे करावे, एक पाय पुढे ठेवायला सांगावे, आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकतो का ते पाहावे. टेकला तर पाऊल थोडे मागे घ्यावे, पुन्हा टेकवावे, आणि टाच उचलू लागेपर्यंत असे करत जावे. शेवटच्या जागी अंगठा आणि भिंत यांतले अंतर मोजावे. ते साधारण दहा सेंटिमीटरच्या आसपास येते. पण आकड्यापेक्षा दोन पायांतला फरक महत्त्वाचा. मुरगळून गेलेल्या घोट्याच्या बाजूला दोन-तीन सेंटिमीटर कमी भरले, तर तो घोटा अजून पुरता सुटलेला नाही, आणि त्याच पायाची पोटरी किंवा गुडघा दुखू लागल्यास संबंध तपासायला सबळ कारण आहे.

पोटरीसाठी एका पायावर उभे राहून टाच पूर्ण वर उचलून खाली आणायची, तोल सांभाळण्यापुरते भिंतीला बोट लावायचे, आणि दमेपर्यंत मोजायचे. निरोगी तरुणाला पंचवीसच्या आसपास जमतात. एका पायाला चोवीस आणि दुसऱ्याला चौदा जमत असतील, तर ‘आता दुखत नाही’ या मुलाच्या बोलण्यावर विसंबू नये; दुखणे आधी जाते आणि बळ मागाहून येते. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर एका पायावरच्या लांब उड्या मोजून दोन बाजूंत दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नसावा असे फिजिओथेरपिस्ट पाहतात. ती चाचणी मात्र त्यांच्या देखरेखीखालीच करावी.

हॅमस्ट्रिंग पुन्हा पुन्हा ताणत असेल तर कमरेची तपासणी करून घ्यावी. कमरेच्या मणक्यातून निघणारी नस दबली की मांडीच्या मागे तशीच ओढ लागते, आणि पळताना ती स्नायूच्या ताणासारखीच वाटते. अशा मुलाला महिनोन्महिने हॅमस्ट्रिंगचे व्यायाम करूनही गुण येत नाही. एरवी, मुलाने गुडघ्यांवर ताठ उभे राहायचे, मागून कोणीतरी त्याच्या टाचा धरून ठेवायच्या आणि त्याने धड हळूहळू पुढे झुकू द्यायचे, हा नॉर्डिक व्यायाम हंगामभर नेटाने केल्यास हॅमस्ट्रिंगच्या दुखापती जवळपास निम्म्यावर येतात असे सॉकर, म्हणजे आपल्याकडचा फुटबॉल, खेळणाऱ्यांवरच्या अभ्यासांत आढळले आहे. तो पहिल्या आठवड्यात चांगलाच अंग दुखवतो, म्हणून सामन्याच्या आदल्या दिवशी सुरू करू नये.

दोन्ही टाचांचे दोर एकाच वेळी दुखू लागले, तर अलीकडे घेतलेल्या औषधांची यादीही डॉक्टरांना दाखवावी. सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या गटातील प्रतिजैविकांनी टेंडन दुखावले जाऊ शकतात. धावताना टाचेवर मागून कोणीतरी लाथ मारल्यासारखे वाटले आणि मागे पाहिले तर कोणीच नाही, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. शस्त्रक्रिया किंवा लांबच्या विमानप्रवासानंतर एकच पोटरी सुजून गरम झाली, तर ‘जुनेच दुखणे उठले’ असे म्हणत बसू नये. ती शिरेत धरलेली रक्ताची गाठ असू शकते. नडगीच्या हाडावर बोटाच्या टोकाएवढ्या एकाच जागी दुखत असेल आणि ते खेळल्यावर वाढत असेल, तर हाडाला बारीक तडा गेला आहे का, ते तपासून घ्यावे.

निकाल कसा लिहावा

तक्त्याच्या प्रत्येक दोन ओळींमध्ये एक छोटी जागा ठेवावी आणि तिथे तीनांपैकी एकच शेरा लिहावा: ‘बहुधा जोडलेले’, ‘शक्य, पण क्षीण’, ‘पुरावा नाही’. शेरा दोन दुखापतींमधल्या जागेपुरता असतो, खेळाडूपुरता नसतो. बार्कलीच्या चार नोंदींमध्ये लगतच्या जोड्यांच्या तीन जागा येतात, आणि त्यांच्यापैकी एकीतही मी ‘बहुधा जोडलेले’ लिहू शकलेलो नाही. पहिल्या आणि चौथ्या नोंदीला जोडणारी रेघ वेगळी काढावी लागते, आणि तिच्यापुढे ‘शक्य, पण क्षीण’. मॅकॅफ्रीच्या तक्त्यात पोटरी आणि अकिलीस यांच्यामध्ये तो पहिला शेरा येतो, २०२० आणि २०२१ यांच्यामध्ये मी ‘भारामुळे, आडवळणाने’ असा चौथाच शेरा समासात लिहिला आहे, आणि बफेलोच्या गुडघ्यापुढची जागा ‘पुरावा नाही’ अशी आहे.

नवी दुखापत झाली की जुने शेरे पेन्सिलीने लिहिलेले असल्याचा फायदा होतो. नवी नोंद त्याच स्नायूची आणि त्याच बाजूची निघाली, तर आधीचा ‘क्षीण’ खोडून ‘बहुधा’ करता येतो. ती दुसऱ्याच्या बुटावर पाय पडून झालेली असेल, तर काहीच खोडावे लागत नाही.